कवितेतला 'तो' खोडू नका



 आज पदवी स्वीकारणाऱ्या विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, मला तुमच्यातल्या लिहिणाऱ्यांशी, त्यातही आपले प्रेम लपवून लिहिणाऱ्यांशी बोलायचे आहे.

असे प्रेम न लपवता लिहिणारे अमेरिकन लेखक जेम्स बाल्डविन १९२४ साली न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये, गरीब कृष्णवर्णीय कुटुंबात जन्मले. पहिल्या कादंबरीने त्यांचे नाव झाले. दुसरी, 'जिओव्हानीज रूम', दोन पुरुषांच्या प्रेमाची होती. कृष्णवर्णीय वाचक दुरावतील, असे त्यांना बजावण्यात आले. आधीच्या प्रकाशकाने ती नाकारली. बाल्डविन यांनी दुसरा प्रकाशक शोधला आणि १९५६ साली कादंबरी आणली. पुढे नागरी हक्कांच्या लढ्यातही ते ठामपणे उभे राहिले. आपली एक ओळख टिकवण्यासाठी त्यांनी दुसरी गहाण टाकली नाही.

कृष्णवर्णीयांच्या लढ्याशी मराठीचे नाते जुने आहे. १९७२ साली दलित पँथर या संघटनेने आपले नावच अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथरवरून घेतले. मग बाल्डविन यांचे हे धैर्य तरी आपल्याला परके का वाटावे?

आपल्याकडेही वाट पडली आहे. सचिन कुंडलकरांच्या 'कोबाल्ट ब्लू' या कादंबरीत भाऊ आणि बहीण एकाच तरुणावर प्रेम करतात, आणि दोघांचेही दुःख सारख्याच मोलाचे ठरते. ठाण्यात वाढलेल्या लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांचे घराणे उत्तर प्रदेशातले. पण त्यांचे 'मी हिजडा, मी लक्ष्मी' हे आत्मकथन २०१२ साली आधी मराठीत आले. दिशा पिंकी शेख यांनी 'कुरूप' या कवितासंग्रहातून तृतीयपंथीयांचे जगणे कवितेत मांडले.

तरीही लपवणे थांबलेले नाही. मराठीत क्रियापदसुद्धा प्रेमाच्या माणसाची ओळख सांगून टाकते. म्हणून वार्षिकांकाला कविता देताना कुणी 'तो आला' खोडून 'ती आली' करतो. मात्रा तेवढ्याच राहतात, वृत्त बिघडत नाही. पण ज्याच्यासाठी कविता लिहिली, तोच तिच्यातून जातो.

६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी प्रेमावरचा गुन्ह्याचा शिक्का पुसला. घरोघरची मने बदलायला मात्र वेळ लागतो. घरी सांगणे धोक्याचे असेल, तर घाई करू नका. टोपणनाव घ्या, वही कुलपात ठेवा. पण त्या वहीत तरी खरे तेच लिहा.

आणि बाकीच्यांनो, तुमच्यातूनच उद्याचे शिक्षक, संपादक, ग्रंथपाल घडणार आहेत. ठाण्यात १८९३ पासून मराठी ग्रंथसंग्रहालय उभे आहे, डोंबिवलीने २०१७ साली साहित्य संमेलन भरवले. वाचनाची एवढी परंपरा सांगणाऱ्या आपल्या शहरांत या पुस्तकांना हक्काची जागा मिळालीच पाहिजे. ती मागवा, वर्गात त्यांवर बोला. आणि अशी एखादी कविता तुमच्या हाती आली, तर एकही अक्षर न बदलता ती छापा.