औषध देणे आणि औषध समजावून देणे

(मंडळाच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



रुग्णशुश्रूषेच्या व्यवसायात आमची पुष्कळ वर्षे गेली, म्हणून या विषयावर चार शब्द बोलावे अशी मंडळाने आज्ञा केली. तिचा आम्ही आदरपूर्वक स्वीकार करतो.

परिचारिकेच्या शिक्षणात आरंभीच पाच गोष्टी घोटून घेतल्या जातात : योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग आणि योग्य वेळ. रुग्णालयात या पाचांची राखण परिचारिका करते. परंतु रुग्ण घरी आला म्हणजे ही जबाबदारी कोणाकडे जाते? सुनेकडे, मुलाकडे, पुष्कळदा खुद्द रुग्णाकडेच. त्यांना हे काम कोणी शिकविले आहे काय? औषध हाती देणे हे अर्धेच काम होय. ते समजावून देणे आणि समजून घेणे हे उरलेले अर्धे. आमचे आजचे सांगणे एवढेच आहे.

घराचे महत्त्व केवढे आहे, हे आपल्याच देशात सिद्ध झालेले आहे. १९५६ साली त्या वेळच्या मद्रास शहरात क्षयरोगाच्या औषधोपचाराचे एक संशोधन-केंद्र सुरू झाले. आरोग्यधामात ठेवलेले रुग्ण आणि आपल्या घरीच राहून औषध घेणारे रुग्ण यांची तेथे तुलना करण्यात आली. दोहोंना औषधे तीच होती. १९५९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले, ते असे की, घरी राहूनही जवळजवळ तितकेच रुग्ण बरे झाले. मात्र त्या रुग्णांच्या घरी जाऊन औषध नियमित घेतले जाते की नाही, हे पाहिले जात होते. तात्पर्य, महत्त्व खाटेचे नसून नियमितपणाचे आहे. आणि नियमितपणा समजुतीवाचून टिकत नाही.

आता आपल्या घरांकडे वळू. मधुमेह नाही असे कुटुंब आज विरळाच. आपल्याकडे बाटलीतले इन्शुलिन मुख्यतः दोन तीव्रतेचे मिळते. एकाच्या एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट असतात, तर दुसऱ्याच्या १००. दोहोंच्या सिरिंजही निराळ्या असून पहिलीचे टोपण सामान्यतः लाल व दुसरीचे नारिंगी असते. १०० चे इन्शुलिन ४० च्या सिरिंजमध्ये भरले, तर खुणेवर नीट मोजूनही मात्रा अडीचपट जाते. देणाऱ्याचा हात प्रेमाचा असतो, लक्षही असते. परंतु हा भेद कोणी सांगितलेलाच नसतो.

तीच गोष्ट उपासाची. इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी नित्याप्रमाणे घ्यावयाची आणि एकादशीस निराहार राहावयाचे, यात जिवास धोका आहे. रक्तातील साखर उतरते. दरदरून घाम येतो, हात कापतात, बोलणे असंबद्ध होते. रुग्ण शुद्धीवर असून त्यास गिळता येत असेल, तर चहाचे तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी व पंधरा मिनिटांनी रक्तातील साखर पुन्हा तपासावी. शुद्ध हरपली असेल, तर तोंडात काहीही न घालता तत्काळ रुग्णालय गाठावे. उपास सोडा असे आम्ही म्हणत नाही. व्रतापूर्वी डॉक्टरांस विचारा, एवढेच आमचे म्हणणे आहे.

तिसरी गोष्ट बोलावयास थोडी अवघड आहे. आपल्या घरांतील वडीलधारी मंडळी, विशेषतः स्त्रिया, गोळ्या पुरवून पुरवून घेतात. मुलांवर खर्चाचा भार नको, म्हणून रोजची गोळी एक दिवसाआड होते. रक्तदाब आटोक्यात आला, आता बरे वाटते, म्हणून ती बंदही होते. वास्तविक रक्तदाब आटोक्यात असतो तो त्या गोळीमुळेच. पक्षाघात झाल्यावर हे उघडकीस येते, तेव्हा मुलांच्या दुःखास पारावार राहत नाही. अशा आईस रागे भरू नये. त्याच गुणाची स्वस्त जेनेरिक गोळी मिळेल का, हे मुलानेच डॉक्टरांस विचारावे.

याकरिता काही साधे नियम आम्ही सुचवितो. घरातील प्रत्येक रुग्णाच्या औषधांची यादी एका कागदावर असावी. तीत वैद्याची औषधे, काढे व दुकानातून परस्पर आणलेल्या गोळ्याही लिहाव्यात. कारण पॅरासिटामॉल तापाच्या गोळीत असते, तसेच सर्दीच्या अनेक गोळ्यांतही निराळ्या नावाने असते, आणि नकळत दुप्पट पोटात जाते. रुग्णालय सोडण्यापूर्वी सिस्टरला विचारावे : हे औषध कशासाठी? किती व केव्हा? जेवणाआधी की नंतर? किती दिवस? एक वेळ चुकली तर काय करावे? आणि कोणते लक्षण दिसताच धावत यावे? मग ऐकलेले सारे आपल्या शब्दांत तिला परत सांगावे. समजले का, या प्रश्नास सगळेच मान हलवितात. खरे काय समजले, ते परत सांगतानाच कळते.

शेवटी एक विनंती. रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली १९०९ साली पुण्यात उभ्या राहिलेल्या सेवासदनाने स्त्रियांना परिचारिकेच्या शिक्षणाची वाट दाखविली, तेव्हा पांढरपेशा समाजाने नाके मुरडली होती. तो संकोच अद्याप पुरता गेलेला नाही. मुलगी डॉक्टर झाली की सत्कार आणि परिचारिका झाली की मौन, हा भेद आपल्या मंडळाने तरी ठेवू नये. १७ सप्टेंबर हा जागतिक रुग्णसुरक्षा दिन असतो. त्या दिवशी आपल्या ज्ञातीतील परिचारिका-भगिनींस सन्मानाने बोलवावे, कुटुंबांनी आपापले औषधांचे डबे घेऊन यावे आणि प्रत्येक गोळी कशासाठी आहे, हे त्यांच्याकडून समजून घ्यावे. या कामास खर्च जवळजवळ नाही. लाभ मात्र घरोघरी पोचेल.