सातबारा नसला तरी लिंबू लागतं

कुणी भाकरी थापत असाल, कुणी भाजी निवडत असाल. हातातलं काम चालू ठेवा आणि ऐका. आज बोलायचंय ते डब्यात, बादलीत, पिंपात लावायच्या फळझाडांबद्दल.

गटाच्या बैठकीत हा विषय काढला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "ताई, आमच्याकडं रान कुठाय?" प्रश्न खराच आहे. काहींच्या घरात जमीनच नाही. काहींच्या घरात आहे, पण सातबारावर नाव दुसऱ्याचं आणि काय लावायचं तेही दुसराच ठरवतो. पण न्हाणीजवळ, ओट्याच्या कडेला नाहीतर स्लॅबवर दोन हात जागा बहुतेकींकडं असते. तिथं काय ठेवायचं ते मात्र आपल्या हातात असतं.

आता हे कशासाठी करायचं? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय आढळला. म्हणजे आपल्या बैठकीत वीसजणी बसल्या तर दहाहून जास्त जणींचं रक्त कमी असू शकतं. आपण मेथी खातो, मटकी खातो, बाजरीची भाकरी खातो. त्यात लोह असतं, पण ते अंगी लागायला क जीवनसत्त्वाची मदत होते. लिंबात ते असतं, पेरूत तर लिंबापेक्षाही जास्त असतं. म्हणून ताटात वाढलेल्या भाजी-आमटीवर लिंबू पिळा. शिजताना नको, उष्णतेनं ते जीवनसत्त्व कमी होतं. आणि जेवणाला लागून चहा टाळा, चहामुळं लोह कमी शोषलं जातं. एक लक्षात ठेवा, लिंबू हे गोळीच्या जागी नाही. आशाताईंनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या घ्यायच्याच.

पण उन्हाळ्यात लिंबू महागलं की आपण पहिल्यांदा लिंबूच यादीतून काढतो. म्हणून दारात एक झाड हवं.

कोणती झाडं लावायची? लिंबू, पेरू, अंजीर आणि डाळिंब ही चार पिंपात चांगली येतात. लिंबात राहुरीच्या कृषी विद्यापीठाची 'साई सरबती' घ्या. पेरूत 'सरदार' घ्या, हा वाण पुण्याच्या गणेशखिंडीतल्या फळ संशोधन केंद्रात निवडलेला आहे. डाळिंबात 'भगवा' आहेच. अंजीर म्हटलं की पुरंदर आठवतं. ते कोरडी हवा सोसतं, पण पावसाळ्यात पानांवर तांबेरा येतो. तशी पानं काढून टाका, आणि झाडाचा चीक हाताला लागू देऊ नका, खाज सुटते. आंबा, चिंच, जांभूळ यांच्या नादी डब्यात लागू नका.

रोप बी टाकून करू नका, कलम आणा. बियांच्या लिंबाला फळ धरायला चार-पाच वर्षं किंवा जास्तही लागतात. कलमाला दोन-तीन वर्षांत लागतं, पेरू आणि अंजीर त्याच्याही आधी. कलम शासकीय रोपवाटिकेतून, कृषी विज्ञान केंद्रातून किंवा कृषी विद्यापीठातून घ्या. दारावर कुणी फोटो दाखवून "वर्षात पोतंभर फळं" म्हणू लागला तर त्याला पाणी पाजा आणि वाटेला लावा.

आता भांडं. सुरुवातीला रंगाची वीस लिटरची बादली किंवा तेलाचा डबा चालतो. पण दीड-दोन वर्षांनी झाड मोठ्या भांड्यात हलवावं लागतं. दोनशे लिटरचं प्लॅस्टिकचं पिंप मधोमध कापलं की दोन झाडांची सोय होते. दोघी मैत्रिणींनी मिळून एक पिंप घ्या. मात्र औषध-फवारणीचं किंवा केमिकलचं पिंप कितीही स्वस्त मिळालं तरी नको. त्या झाडाचं फळ लेकरांनी खायचं आहे.

तळाला बोटाएवढी पाच-सहा भोकं पाडा. भोकांवर कौलाच्या खापऱ्या ठेवा आणि पिंप विटांवर उचलून ठेवा. पाणी तुंबलं की मुळं कुजतात. माती भरताना नुसती काळी माती नको, ती ओली झाली की चिकटते आणि वाळली की भेगाळते. दोन पाट्या पोयट्याची माती, एक पाटी पूर्ण कुजलेलं शेणखत, एक पाटी वाळू आणि दोन मुठी निंबोळी पेंड असं कालवा. शेण कच्चं असेल तर त्याबरोबर हुमणी येते. कलमाचा जोड मातीच्या वर राहू द्या, आणि जोडाखालून फुटवा आला की लगेच खुडा. तो आपल्या जातीचा नसतो.

पाण्याचं सांगते. बोट दोन पेरं मातीत घाला. ओल लागली तर पाणी नको, कोरडं लागलं तर द्या. तांदूळ, डाळ, भाजी धुतलेलं पाणी झाडाला चालतं, साबणाचं नको. वर पाचट किंवा पालापाचोळा अंथरा, ओल टिकते. शेतात बहार धरायला पाणी तोडतात, ते बघून पिंपातल्या झाडाचं पाणी तोडू नका. रानातल्या झाडाची मुळं खोल जातात, पिंपातलं झाड मात्र आठवडाभरात वाळेल. एप्रिल-मे मध्ये पिंपाला बाहेरून चुना लावा किंवा गोणपाट गुंडाळा, आणि दुपारनंतरचं ऊन अडेल असं बघा. सकाळचं ऊन मात्र भरपूर मिळालं पाहिजे.

महिन्याला दोन मुठी शेणखत द्या. लिंबाच्या पानावर पाखराच्या विष्ठेसारखं काही दिसलं तर ती अळी असते. हातानं वेचा. पांढरा पिठ्या ढेकूण दिसला तर ओल्या फडक्यानं पुसून काढा. दर दोन वर्षांनी वरची तिसरा हिस्सा माती काढून नवी भरा.

आता पैशाचं. या झाडांसाठी गटाचं कर्ज काढू नका. एका पिंपातल्या झाडावर धंदा होत नाही. रानातल्या झाडाइतकी फळं त्याला लागणार नाहीत, जी लागतील ती घरात खायला. सगळ्यांची कलमं एकदम आणली तर गाडीभाडं वाटून जातं, तेवढं गटानं करावं.

आणि शेवटची गोष्ट, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. फळ लागलं की आपण काय करतो ते आपल्याला माहीत आहे. पहिलं पाहुण्याला, मग घरातल्या गड्यांना, मग पोरांना, आणि उरलं तर लेकीला नाहीतर आपल्याला. सकाळी सगळ्यांत आधी उठणारी बाई ताटावर सगळ्यांत शेवटी बसते. निदान या झाडापुरतं ठरवा की, घरात जिचं रक्त कमी आहे तिच्या ताटात पहिली फोड पडेल. पोरीची पाळी सुरू झाली असेल, सून पोटुशी असेल, सासूबाई थकल्या असतील, तिला आधी. तुम्ही स्वतः असाल तर स्वतःला. त्यात लाजायचं काही नाही.

पुढच्या बैठकीला येताना एवढंच करा. आपल्या दारात कुठं सकाळचं ऊन पडतं ते तीन दिवस बघून या, आणि घरात रिकामा डबा किंवा बादली आहे का ते सांगा. रोपांची यादी आपण तिथंच करू.