डेटा वाचवा, पैसे वाचवा

लासलगाव बाजार समितीच्या विंचूर उपबाजारात कांद्याचा ट्रॅक्टर रांगेत लावला, की लिलाव सुरू होईपर्यंत हात आपसूक मोबाइलकडे जातो. दुपारीच दिवसाचा डेटा संपतो आणि भाव बघायलाही वेगळं रिचार्ज मारावं लागतं.

हा खर्च टाळता येतो. व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंगमध्ये ‘स्टोरेज अँड डेटा’ उघडा. मोबाइल डेटावर फोटो, व्हिडिओ आपोआप उतरवणं बंद करा. गटात आलेला प्रत्येक सुप्रभात संदेश मग तुमचा डेटा खाणार नाही. अ‍ॅपचे अपडेट फक्त वायफायवर ठेवा. अँड्रॉइड फोनच्या डेटा वापराच्या पानावर कोणतं अ‍ॅप किती डेटा खातं ते दिसतं. नको त्याचा बॅकग्राउंड डेटा बंद करा. तिथंच मर्यादाही घालता येते. ती गाठली, की डेटा आपोआप थांबतो.

घरच्या वडीलधाऱ्यांना इंटरनेट नकोच असेल, तर त्यांच्या फोनवरून इंग्रजीत ‘स्टॉप’ लिहून १९२५ या क्रमांकावर एसएमएस पाठवा. दूरसंचार नियामक ‘ट्राय’ने ठरवून दिलेली ही सेवा मोफत आहे. पुन्हा हवं असल्यास ‘स्टार्ट’ पाठवा.

रात्री झोपताना मोबाइल डेटा बंद करायला मात्र विसरू नका.