भरतीचे गणित आणि उतारवयातील मेंदू
(नभोवाणीवरील भाषण)

'साठी बुद्धी नाठी' ही म्हण आपण सर्वांनी ऐकलेली आहे, आणि केस पिकलेल्या कित्येकांनी ती स्वतःच्याच घरात, स्वतःच्याच संबंधात ऐकलेली आहे. एखादे परिचित नाव ऐन वेळी ओठांवर येऊ नये, चष्मा कोठे ठेवला ते ध्यानात राहू नये, आणि तेवढ्यावरून घरातील धाकट्या मंडळींनी ही म्हण पुढे करावी, असा प्रसंग मी अनेक घरांतून पाहिला आहे. आणि त्यानंतर त्या वृद्ध माणसाच्या चेहऱ्यावर जी खिन्नता पसरते तीही पाहिली आहे. निरोगी माणसाच्या मेंदूत उतारवयात वस्तुतः काय घडते, आणि त्याला बुद्धी नाहीशी होणे म्हणणे न्यायाचे आहे काय, याचा विचार आज आपण करू.

अलिबागेहून दक्षिणेस निघाले की आक्षीची खाडी लागते. तिच्या काठी, ओढून ठेवलेल्या होडीच्या सावलीत, फाटलेले जाळे मांडीवर घेऊन बसलेल्या एका नाखव्याची आणि माझी जुनी ओळख आहे. वय ऐंशीच्या पुढे. मागे एकदा भेटलो तेव्हा नातजावयाची हकिकत सांगता सांगता ते थांबले. जावयाचे नाव काही केल्या आठवेना. जिल्ह्याचे नाव बदलून १९८१ पासून रायगड झाले, तरी त्यांच्या तोंडी अद्याप 'कुलाबा' हेच येते. मी सहज विचारले, "नाखवा, उद्या पाणी केव्हा भरेल?" सुतळीची गाठ मारणारे बोट न थांबवता ते म्हणाले, "उद्याला चवथ. चार पाऊण तीन. तीनला भरंल."

तिथीच्या अंकाची पाऊणपट केली म्हणजे पूर्ण भरतीची वेळ निघते, हा आपल्या किनाऱ्यावरील दर्यावर्दी लोकांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा हिशेब आहे. अमावास्येला आणि पौर्णिमेला बाराच्या सुमारास पाणी भरते, आणि पुढे प्रत्येक तिथीला ते सुमारे पाऊण तासाने मागे पडत जाते. ज्या मेंदूतून काल लग्न झालेल्या जावयाचे नाव निसटते, त्याच मेंदूत पाऊणकीचा पाढा आणि चंद्राची गती मात्र इतकी ठाम कशी राहते? या एका प्रश्नात आजचा सारा विषय सामावलेला आहे.

प्रौढ माणसाच्या मेंदूचे वजन साधारणतः तेराशे ते चौदाशे ग्रॅम असते. साठीनंतर, कोणताही रोग नसतानाही, त्याचे आकारमान वर्षाला सरासरी सुमारे अर्ध्या टक्क्याने घटत जाते. मेंदूच्या अंतर्भागात द्रवाने भरलेल्या ज्या पोकळ्या आहेत त्या थोड्या रुंदावतात, आणि वरच्या घड्यांमधील चरे अधिक खोल दिसू लागतात. परंतु ही घट सर्वत्र सारखी नसते, ही यातील महत्त्वाची गोष्ट. नफ्ताली राझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात ७२ निरोगी माणसांच्या मेंदूंची चित्रे पाच वर्षांच्या अंतराने दोनदा घेऊन ताडून पाहिली. नव्या स्मृतींची नोंद करणारा, समुद्रघोड्याच्या आकाराचा म्हणून 'हिप्पोकॅम्पस' हे नाव मिळालेला भाग घटलेला आढळला. कपाळामागचा, बेत आखणारा आणि लक्ष एकवटणारा भागही घटला होता. पण डोळ्यांनी पाहिलेले प्रथम जेथे पोहोचते त्या मागच्या भागात म्हणण्यासारखा फरक पडलेला नव्हता.

मग पेशी मरतात काय? १९५५ साली हॅरॉल्ड ब्रॉडी यांनी मेंदूच्या पातळ कापांतील पेशी मोजून, वयाबरोबर त्यांची संख्या पुष्कळ घटते असा निष्कर्ष काढला, आणि म्हातारपणी मेंदू झडून जातो ही समजूत पुढे दृढ झाली. परंतु मोजणीच्या पद्धती सुधारल्यावर, १९९७ साली डेन्मार्कमधील पाकेनबर्ग आणि गुंडरसेन यांनी ९४ मेंदू तपासले, तेव्हा विसाव्या वर्षापासून नव्वदाव्या वर्षापर्यंत मेंदूच्या बाह्यस्तरातील पेशींत पडणारा फरक अवघा दहा टक्क्यांच्या आसपास निघाला. याचा अर्थ असा की, मेंदू आक्रसतो तो बहुतांशी पेशी नाहीशा झाल्याने नव्हे; पेशींचे देह लहान होतात, त्यांच्या फांद्या आणि परस्परांशी असलेले सांधे विरळ होतात, आणि एका भागाचा निरोप दुसऱ्या भागाकडे नेणाऱ्या तंतूंचे आवरण झिजते.

आता नाखव्यांच्या कोड्याची उकल होऊ लागते. निरोप नेणारी वाट झिजली की निरोप पोहोचतो, पण उशिरा पोहोचतो. त्यातून विशेषनाम ही वस्तूच अशी आहे की तिचा माणसाशी अर्थाचा संबंध नसतो. एका क्षीण धाग्याने ते चेहऱ्याला बांधलेले असते, आणि तो धागा शोधण्याचे काम वाढत्या वयात अधिक घटणाऱ्या भागांवरच पडते. याउलट, साठ वर्षे रोज वापरलेले ज्ञान एका जागी साठवलेले नसते. ते मेंदूभर इतक्या वाटांनी विणलेले असते की दोनचार वाटा झिजल्या तरी त्याच्यापर्यंत पोहोचता येते. शब्दांचे भांडार, व्यवसायातील पारख या गोष्टी उतारवयातही दीर्घकाळ टिकतात, काहींच्या बाबतीत वाढतातही, असे मानसशास्त्राच्या परीक्षांतून पुन्हा पुन्हा दिसून आले आहे. मंदावतो तो वेग.

इतका सावकाश होणारा बदल मोजायचा कसा, असा प्रश्न पडला की आपल्याच जिल्ह्यातील एका संस्थेचे स्मरण मला होते. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी होत असे. शहरात विजेच्या ट्रामगाड्या येणार आणि त्यांमुळे मोजणी बिघडणार, असे दिसताच ते काम अलिबागेस हलविण्याची तजवीज झाली. लोहाचा अंश टाळून, चुंबकीय परिणाम न करणाऱ्या दगडाची इमारत बांधली गेली, आणि १९०४ पासून तेथे नोंदी सुरू झाल्या. पहिली दोन वर्षे दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मोजणी ठेवली, हेतू हा की जुन्या आणि नव्या दप्तराचा मेळ तुटू नये. तेव्हापासून तेथे तीच मोजणी निष्ठेने चालू आहे, कारण जो बदल अत्यंत सावकाश होतो तो ओळखण्यास याखेरीज दुसरा मार्ग नाही.

मेंदूच्या बाबतीतही हेच खरे आहे. ज्या यंत्राने जिवंत माणसाच्या मेंदूचे चित्र घेता येते त्यातही चुंबकच असतो, आणि रुग्णालयातील साधारण यंत्राचा चुंबक पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या तीस हजार पटींहून अधिक बलवान असतो. परंतु त्या बळापेक्षा धीर अधिक मोलाचा. आजच्या ऐंशी वर्षांच्या नाखव्याची आणि त्यांच्या पंचवीस वर्षांच्या नातवाची चित्रे शेजारी ठेवली तर जो फरक दिसेल तो सगळा वयाचा नसेल. बालपणीचे अन्न, आजारपणे, शाळा, सारेच दोघांचे निराळे. म्हणून त्याच माणसाला वर्षानुवर्षे तपासावे लागते. कर्नाटकातील श्रीनिवासपूर तालुक्यात खेड्यांतील हजारो माणसांना अशाच रीतीने दीर्घकाळ तपासण्याचे काम बंगळूरच्या मेंदू-संशोधन केंद्राने हाती घेतले आहे. या विषयातील आपले बहुतेक ज्ञान आजवर पाश्चात्त्य मेंदूंवरून आलेले असल्यामुळे या कामाचे मोल मोठे आहे.

मात्र वयाची झीज आणि रोग यांतील सीमा घरच्या माणसांनी ओळखली पाहिजे. नाव उशिरा आठवणे ही झीज; पण तोच प्रश्न तासाभरात चारदा विचारणे, रोजच्या वाटेवर घर न सापडणे, बाजारातील सुट्ट्या पैशांचा हिशेब न जमणे, ही रोगाची लक्षणे असू शकतात, आणि अशा वेळी 'वयच झाले' म्हणून स्वस्थ न बसता डॉक्टरांकडे गेले पाहिजे; जीवनसत्त्वाची कमतरता किंवा थायरॉइडचा विकार यांसारखी बरी होण्याजोगी कारणेही कित्येकदा सापडतात. आपल्या देशातील पाहणीत साठीपुढील माणसांपैकी सुमारे ७.४ टक्क्यांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज निघाला. ही लाखो माणसे आहेत, त्यांची हेळसांड होता कामा नये. परंतु उरलेल्या नव्वदांहून अधिक टक्क्यांना स्मृतिभ्रंश नाही, हेही त्याच पाहणीतून दिसते.

ही झीज थोपवता येते काय? संपूर्णपणे नाही. पण रक्तदाब आणि मधुमेह ताब्यात ठेवल्याने मेंदूतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे रक्षण होते. अमेरिकेत २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात १२० वृद्धांपैकी निम्म्यांना आठवड्यातून तीनदा चाळीस मिनिटे भरभर चालावयास लावले. वर्षअखेर त्यांचा हिप्पोकॅम्पस सुमारे दोन टक्क्यांनी वाढला होता, तर नुसते ताणाचे व्यायाम करणाऱ्यांचा घटला होता. पुढील सर्वच प्रयोगांत एवढी वाढ दिसली नाही. तरी चालणे हितकर आहे याविषयी दुमत नाही. आणि आपल्या किनाऱ्यावरील माणसाला, ओहोटीच्या वेळी ओल्या पुळणीइतकी चांगली वाट कोणती हवी?

दुसरे साधन म्हणजे काम आणि संगत. सुपारी सोलणाऱ्या आजीच्या हातातून अडकित्ता काढून घेऊन, 'तू आता स्वस्थ बस' असे आपण प्रेमानेच म्हणतो. पण त्या कामाबरोबर तिच्या शेजारणीही जातात, गप्पाही जातात, आणि रोज मळलेल्या वाटांवर गवत वाढू लागते.

म्हणून, श्रोतेहो, आपणांपाशी एकच मागणे आहे. घरातील वृद्ध माणूस बोलता बोलता एखाद्या नावापाशी अडखळला, तर ते नाव त्याच्या तोंडात घालण्याची घाई करू नका, आणि ती जुनी म्हण तर मुळीच उच्चारू नका. क्षणभर थांबा. नाव वाटेवर आहे. त्याला पोहोचू द्या.