टापूवरची शाळा आणि माझी कच्ची पावरी

(ध्वनिमुद्रण : अनसिंग, जि. वाशिम. शब्दांकन करताना बोलण्याची ढब शक्य तितकी तशीच ठेवली आहे.)

मागून मधूनच एसटीचा हॉर्न ऐकू आला तर सांभाळून घ्या. मी अनसिंगला घरीच बसून बोलतोय आणि आमचं घर वाशिम-पुसद रोडला लागूनच आहे.

आज एका शाळेबद्दल बोलायचंय. मी तिथं दोन वर्षं शिकवलं, जून 2022 ते मे 2024. पगार नाही, राहणं-खाणं शाळेतच. आणि शाळा बेटावर. आता बेट म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढं नारळाची झाडं आली असतील. तसं काही नाही राजेहो. समुद्र तिथून लय दूर. हा नंदुरबार जिल्हा आहे, सातपुडा आहे, आणि बेट बनलंय ते नर्मदेच्या पाण्यात.

गावाचं नाव सांगणार नाही, कारण पोरांची ओळख मला चव्हाट्यावर आणायची नाही. पण भाग समजून घ्या. सरदार सरोवर धरण गुजरातेत, केवडियाला. त्याचं पाणी मागं फुगत जातं ते महाराष्ट्रातल्या अक्कलकुवा आणि अक्राणी या दोन तालुक्यांत शिरतं. आपल्या राज्यातली 33 गावं त्यात आली. 2017 मध्ये धरणाचे दरवाजे बंद झाले आणि 2019 च्या सप्टेंबरात ते पहिल्यांदा पूर्ण, म्हणजे 138.68 मीटरपर्यंत भरलं. डोंगर होते तिथंच राहिले, पण मधल्या दऱ्या, नाले, पायवाटा पाण्याखाली गेल्या. म्हणजे काल ज्या पाड्यावर चालत जायचात, तिथं आज होडीनं जायचं. सरकारी कागदात आणि लोकांच्या तोंडी त्याला एकच शब्द, टापू.

या खोऱ्यात नर्मदा बचाव आंदोलनाच्या लोकांनी 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला स्वतःच्या शाळा काढल्या. जीवनशाळा. कागदावर शाळा होत्या, पण बऱ्याच ठिकाणी मास्तर पोचतच नव्हते, म्हणून गावांनीच बांबू-लाकडं आणून शाळा उभ्या केल्या. ‘लडाई-पढाई साथ साथ’ ही घोषणा तिथलीच. पोरं राहतात शाळेतच. शिकवणारे बरेच जण त्याच खोऱ्यातले, काही तर याच शाळांत शिकून मोठे झालेले. माझ्यासारखे बाहेरचे अधूनमधून येतात.

आणि जातात. हे ‘जातात’ मला तिथं गेल्यावर कळलं.

माझं डी.एड. झालं होतं, टीईटी पास होतो, भरतीची वाट बघत सोयाबीनला फवारे मारत होतो. जातो म्हटल्यावर बाबा म्हणाले, “फुकट शिकवायले इतक्या दूर कायले जातं? अनसिंगात पोट्टे नाहीत का?” प्रश्न बरोबर होता. माझ्याकडं उत्तर नव्हतं, आजही पक्कं नाही. वाशिमहून अकोला, अकोल्याहून रेल्वेनं नंदुरबार, पुढं अक्कलकुवा, मोलगी, जीपच्या टपावर दोन तास, आणि शेवटी होडी. आमच्याकडं उन्हाळ्यात नळाला पाणी आलं की गल्लीत आरडाओरड होते. इथं डोळा पुरणार नाही इतकं पाणी, आणि मला पोहता येत नव्हतं.

पहिल्या दिवशी पोरं रांगेत उभी राहून ओरडली, “जिंदाबाद!” मी दचकलो. मग कळलं, तिथं नमस्काराच्या जागी हेच म्हणतात. संध्याकाळी एका आजीनं विचारलं, किती दिवसांसाठी आलास? मी मोठ्या अभिमानानं सांगितलं, वर्षभर. आजीनं नुसती मान हलवली आणि शेळ्या हाकत गेली. पुढच्या आठवडाभरात हाच प्रश्न मला अजून पाच-सहा जणांनी विचारला. कुणी नाव आधी विचारलं नाही.

आता माझी चूक सांगतो. ही सांगायलाच आज बसलोय.

पोरांची भाषा पावरी. पहिलीच्या पोरांना मराठी जवळजवळ येत नाही. मी मराठीत शिकवायचो, पोरं माझ्याकडं बघायची. आठवड्याभरानं दुसरीतल्या एका पोरानं हात वर करून काहीतरी विचारलं, पावरीत. भरभर, डोळे चमकवत. मला एक अक्षर कळलं नाही. आणि मी म्हणालो, “मराठीत बोल.” रागानं नाही हो, पण मास्तरी आवाजात. तो खाली बसला. त्यानंतर तीन आठवडे तो माझ्याशी एक शब्द बोलला नाही.

तिसऱ्या आठवड्यात एका रात्री मला माझाच तिसरीचा वर्ग आठवला. मी उभा राहून म्हणालो होतो, “गुरुजी, मले येते.” वर्ग हसला होता. कारण मास्तर हसले होते. “मले नाही, मला.” घरी आई मलेच म्हणते, आजी मलेच म्हणायची, आख्खं गाव म्हणतं. पण त्या दिवसापासून वर्गात मी उत्तर येत असलं तरी गप्प बसायला शिकलो. वऱ्हाडी माणसाला हे वेगळं सांगायची गरज नाही. पुण्या-मुंबईत गेल्यावर आपण कसे ‘मला-तुला’ सांभाळून बोलतो ते आपल्याला माहीत आहे. आणि तोच मी, पाचशे किलोमीटर जाऊन, एका सात वर्षांच्या पोराला तेच शिकवून आलो होतो.

पण हे आठवल्यामुळं सगळं बदललं असं सांगितलं तर ते खोटं होईल. बदललं ते एका तापामुळं.

पावसाळा होता, पाणी चढलेलं. एका मुलीला संध्याकाळपासून थंडी वाजून ताप भरला. मलेरियाचं लक्षण सगळ्यांनाच ओळखू येत होतं. डिझेलची बोट पलीकडच्या पाड्यावर गेलेली, आणि फोनची रेंज फक्त टेकडीवर एका मोहाच्या झाडाखाली. तिथं चढून कुणाला बोलवेपर्यंत रात्र झाली असती. शेवटी लाकडी होडी काढली. वल्हं मारायला गावातले दोन दादा आणि चौथीतला एक पोरगा. मलाही चढवलं, मुलीला धरून बसायला. एक दादा म्हणाला, “गुरुजी, मधी बसा. हलू नका.”

हलू नका. बस, तेवढंच माझं काम. पावसात तो दहा वर्षांचा पोरगा वल्हं मारत होता आणि मी, डी.एड., टीईटी पास, डालड्याच्या डब्यानं होडीतलं पाणी बाहेर फेकत होतो. त्या पाण्यात मगरी आहेत हे मला माहीत होतं, त्यानंच हसत हसत सांगितलं होतं. मुलगी माझ्या मांडीवर पावरीत काहीतरी पुटपुटत होती. आई मागत होती का पाणी, मला समजत नव्हतं. वल्हं मारता मारता त्या पोरानंच सांगितलं, “पांघरूण मागते ती.” पांघरूण माझ्या पाठीमागं होतं.

पलीकडं गाडी मिळाली, दवाखाना मिळाला, मुलगी आठ दिवसांत बरी झाली. मी मात्र त्या रात्री ठरवलं की दिवाळीला घरी जायचं ते परत यायचंच नाही. अशा ठिकाणी माझा उपयोग काय?

गेलो नाही, त्याचं कारण फार साधं आहे. दुसऱ्या दिवशी तो रुसलेला दुसरीतला पोरगा काठावर उभा होता. मी त्याला खुणेनं विचारलं, वल्हं मारायला शिकवशील? तो तीन आठवड्यांनी हसला. मग त्यानं मला होडीत बसवलं आणि पावरीत हुकूम सोडायला सुरुवात केली. मराठीत बोल, असं मी म्हणालो नाही. होडी गोल गोल फिरत होती आणि काठावर अर्धी शाळा पोट धरून हसत होती.

तिथून मग वर्गाची रीत बदलली. सकाळी आधी पोरं मला पाच शब्द पावरीत शिकवायची, ते मी फळ्यावर देवनागरीत लिहायचो, चुकलो की पोरंच पुसून दुरुस्त करायची. त्याच शब्दांवरून मग मराठी. यात मी काही नवीन शोध लावला नाही बरं, या शाळांमध्ये पावरीतून वाचायला शिकवणारी पुस्तकं आधीपासून केलेली आहेत, कपाटात होतीच. मीच उघडली नव्हती. आंदोलनाची एक जुनी घोषणा आहे, ‘आमु आखा एक से’, आम्ही सगळे एक आहोत. त्यातला ‘आखा’ ऐकला आणि मी म्हटलं, अरे, हा तर आपला आख्खा! पोरांना सांगितलं की माझ्या आईच्या भाषेत ‘मला’ला ‘मले’ म्हणतात. ती इतकी खूश झाली की आठवडाभर सगळा वर्ग वऱ्हाडीत जेवण मागत होता. “गुरुजी, मले भाकर!”

बाकी रुळणं म्हणाल तर हळूहळूच झालं. मक्याची भाकर पचायला महिना गेला. होळीआधीच्या भोंगऱ्या बाजारात पोरांच्या मागं मागं हरवलो. मे महिन्यात पाणी उतरलं की वाटतं, चला, सुटलो. पण तेव्हा काठाला गाळ उघडा पडतो, गुडघ्यापर्यंत पाय रुततो, होडीही नीट लागत नाही आणि चालताही येत नाही. पाण्यापेक्षा तो गाळ वाईट.

पहिलं वर्ष संपलं तेव्हा ती शेळ्यावाली आजी परत भेटली. मी सांगितलं, अजून एक वर्ष राहतोय. आजीनं तेव्हा पहिल्यांदा माझं नाव विचारलं.

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी मात्र मी निघालोच. इकडं बाबांची तब्येत, शेती. निघताना कुणी रडलं नाही, पोरांना सवय असते. तेच मला जास्त लागलं. म्हणून तुमच्यातलं कुणी अशा ठिकाणी जायचं म्हणत असेल तर जा, पण किती दिवसांसाठी जाताय ते पहिल्याच दिवशी खरं सांगा, आणि त्याआधी पोहायला शिका.

तो दुसरीतला पोरगा आता पुढच्या वर्गात आहे. महिन्यातून एखादवेळी टेकडीवर मोहाखाली चढतो आणि कुणाच्या तरी फोनवरून मला फोन लावतो. परवाच आला होता. मी पावरीत विचारलं, पाणी किती चढलं? पलीकडून आधी खिदळणं ऐकू आलं, मग त्यानं माझं वाक्य दुरुस्त करून मला दोनदा म्हणायला लावलं, आणि पाण्याचं सांगायच्या आत रेंज गेली.