किन्हवलीहून गोदीकडे

किन्हवली गावापासून समुद्र लांब आहे, पण जहाजदुरुस्तीचं काम इथल्या मुलामुलींच्या आवाक्यातलं आहे.

जहाज सुक्या गोदीत घेतात, पाणी उपसतात आणि ते ठोकळ्यांवर टेकतं. मग तळाला चिकटलेले शिंपले खरवडायचे, गंजून पातळ झालेला पत्रा कापायचा, नवा जोडायचा. वेल्डिंगचा एक सांधा कच्चा राहिला, तर पाणी तिथूनच आत शिरेल. म्हणून या कामात हाताला शिस्त लागते.

ही शिस्त शिकवणाऱ्या दोन मोठ्या जागा मुंबईत आहेत: १७३५ सालापासूनची नौदल गोदी आणि माझगाव डॉक. माझगाव डॉकमध्ये आठवी, दहावी आणि आयटीआय उत्तीर्णांसाठी शिकाऊ उमेदवारांचे वेगवेगळे गट असतात. वेल्डर, पाइप फिटर, इलेक्ट्रिशियन, रिगर अशी कामं शिकता येतात, विद्यावेतनही मिळतं. प्रशिक्षण म्हणजे कायम नोकरीची हमी नव्हे. पण अंगात मुरलेलं कसब कुठल्याही कारखान्यात कामी येतं.

माझगाव डॉकला जायचं तर आसनगाव स्टेशनहून लोकल धरा, कुर्ल्याला हार्बरची गाडी बदला आणि डॉकयार्ड रोडला उतरा. भरतीची जाहिरात अधिकृत संकेतस्थळावरच पाहा, गुणपत्रिका आणि दाखले तयार ठेवा, आणि अर्जासाठी कुणाही दलालाला एक रुपयासुद्धा देऊ नका.