परदेशी शिकणाऱ्या मुलाचे आजारपण

(संस्थेच्या पालक मेळाव्यात एका शिक्षकाने केलेले भाषण)



परदेशी शिकायला निघालेल्या मुलांचा सत्कार आपण दरवर्षी या व्यासपीठावर करतो. यंदा अध्यक्ष महोदयांनी मला उच्च शिक्षणाच्या संधींवर बोलण्यास सांगितले होते. त्यांची क्षमा मागून मी विषय थोडा बदलणार आहे. फी, शिष्यवृत्ती, बँकेचे कर्ज यांवर बोलणारे पुष्कळ आहेत. मुलगा तिकडे आजारी पडला तर काय, हा प्रश्न मात्र आपल्या घरांत निघतच नाही. निघालाच तर वडीलधारी मंडळी 'अल्लाह खैर करे' म्हणून तो तिथेच मिटवतात. दुआ हवीच. पण कागदही हवा, आणि तो वाचलेला हवा.

हा विषय मी का निवडला ते प्रथम सांगतो, कारण त्यात माझीही एक चूक आहे. काही वर्षांपूर्वी माझा एक विद्यार्थी एम. एस. करण्यासाठी अमेरिकेस गेला. वडिलांचे सोपाऱ्याला वेल्डिंगचे छोटे दुकान. विद्यापीठाच्या फीबरोबर आरोग्य विम्याचीही रक्कम आली होती आणि ती बरीच होती. मुंबईत मिळणारी प्रवासी विम्याची पॉलिसी त्याच्या चौथ्या हिश्शात बसत होती. विद्यापीठाला अर्ज करून त्यांचा विमा नाकारता येत होता. मुलाने मला विचारले, "सर, कोणता घेऊ?" मी दोन्ही पत्रके वरवर चाळली आणि सांगितले, "स्वस्तातला घे. तू तरणाबांड आहेस, तुला काय होणार?"

दुसऱ्या सहामाहीत, ऐन थंडीत, त्याच्या पोटात दुखू लागले. अम्मीने बांधून दिलेल्या डब्यात वेदनाशामक गोळ्या होत्या. त्या घेत त्याने चार दिवस काढले. डॉक्टरकडे का गेला नाहीस, असे मी पुढे विचारले तेव्हा तो म्हणाला, "बिलाची भीती वाटली, सर." पाचव्या रात्री खोलीतील सोबत्यांनी त्याला इस्पितळात नेले. आंत्रपुच्छ फुटले होते. शस्त्रक्रिया झाली, जीव वाचला, अल्हम्दुलिल्लाह. मग बिले येऊ लागली. आपल्याकडे डिस्चार्जच्या वेळी एकच कागद हाती येतो. तिकडे इस्पितळाचे बिल वेगळे, सर्जनचे वेगळे, भूल देणाऱ्याचे वेगळे, प्रयोगशाळेचे वेगळे. आम्ही निवडलेल्या पॉलिसीत एका आजाराला ठरावीक मर्यादेपर्यंतच पैसे मिळणार होते. तेसुद्धा आधी स्वतः भरायचे आणि मागाहून मागायचे. हे सारे त्या पत्रकात छापलेले होते. अक्षर बारीक होते, एवढेच. बिलाचा आकडा मी येथे सांगत नाही, कारण त्या मुलाचे वडील या सभागृहात बसले आहेत आणि दुकानाचा गाळा त्यांनी आत्ता कोठे गहाणातून सोडविला आहे. त्यांनी मला एका शब्दानेही दोष दिला नाही. त्यामुळे तर मला अधिकच बोलावेसे वाटते.

परदेशात विद्यार्थ्याची प्रकृती ढासळणे ही काही नवी गोष्ट नव्हे. आपल्या मुंबईचे बद्रुद्दीन तय्यबजी १८६० साली शिक्षणासाठी विलायतेला होते. डोळे इतके बिघडले की १८६४ च्या अखेरीस त्यांना शिक्षण अर्धवट टाकून मुंबईस परतावे लागले. वर्षभराने ते पुन्हा गेले आणि १८६७ साली बॅरिस्टर होऊनच आले. १८७४ साली ज्यांच्या पुढाकाराने मुंबईत अंजुमन-इ-इस्लाम उभी राहिली, त्यांतले हे एक. घर सधन होते, म्हणून तो खंड सोसला. वेल्डिंगच्या दुकानाला सोसला नसता.

दुसरे उदाहरण कल्याणचे. खाडीपलीकडचेच म्हणा ना. आनंदीबाई जोशी यांनी वयाच्या अठराव्या वर्षी, १८८३ साली, कलकत्त्याहून अमेरिकेस प्रयाण केले. डोकेदुखी, मधूनच ताप, कधी धाप लागणे, हे सारे निघण्यापूर्वीच सुरू होते. अमेरिकेतील कार्पेंटरबाईंनी त्यांना औषधेही पाठविली होती. गुण आला नाही. त्याच प्रकृतीने त्या फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयात दाखल झाल्या. थंडी आणि अन्न, दोन्ही मानवले नाही. १८८६ च्या मार्चमध्ये त्यांनी पदवी घेतली, कोल्हापूरच्या इस्पितळात नेमणूकही झाली आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने त्यांचे निधन झाले. वयाची बावीस वर्षेही पुरी नव्हती. डॉक्टर होण्यासाठी गेलेल्या मुलीची ही कथा. जपानची केई ओकामी आणि सीरियाची सबात इस्लामबुली यांच्या शेजारी बसलेल्या आनंदीबाईंचे छायाचित्र आपल्या वाचनालयात लावावे, अशी माझी जुनी सूचना आहे. ती या निमित्ताने पुन्हा करतो.

योगायोग असा की ज्या १८८३ साली आनंदीबाई निघाल्या, त्याच साली जर्मनीत बिस्मार्कच्या सरकारने कामगारांसाठी आजारपणाच्या विम्याचा कायदा केला. सर्वांनी दरमहा थोडे थोडे भरावे आणि जो आजारी पडेल त्याचा खर्च त्या साठ्यातून व्हावा, ही ती कल्पना. आज जर्मनीत शिकायला जाणाऱ्या आपल्या मुलाला विम्याचा पुरावा दाखविल्याशिवाय विद्यापीठात नावच घालता येत नाही. तीस वर्षांखालील विद्यार्थ्याला सरकारी पद्धतीच्या विम्यात सवलतीचा दर मिळतो. महिन्याला साधारण १४० ते १५० युरो पडतात. तिशी उलटली की ती सवलत जाते. म्हणून चार वर्षे नोकरी करून मग जाऊ म्हणणाऱ्यांनी वयाचा हिशेब आधी करावा.

ब्रिटनची रीत निराळी. सहा महिन्यांहून अधिक मुदतीच्या विद्यार्थी व्हिसासाठी अर्ज करतानाच आरोग्य अधिभार भरावा लागतो. २०१५ साली तो सुरू झाला तेव्हा विद्यार्थ्याला वर्षाला १५० पौंड होता. फेब्रुवारी २०२४ पासून ७७६ पौंड आहे, म्हणजे नव्वद हजार रुपयांच्या आसपास. तोही अभ्यासक्रमाच्या सर्व वर्षांचा एकदम. तो भरला की १९४८ पासून चालत आलेली तेथील राष्ट्रीय आरोग्य सेवा विद्यार्थ्याला जवळजवळ तेथील रहिवाशाप्रमाणेच मिळते. पण आपली मुले पैसे भरतात आणि पुढची पायरी विसरतात. राहत्या भागातील डॉक्टरकडे, ज्याला तिकडे जी.पी. म्हणतात, नाव नोंदवावे लागते. तज्ज्ञाकडे जायचे तर बहुतेक वेळा त्याच्या चिठ्ठीनेच. वसईला आपण दुखणे अंगावर काढतो आणि फारच झाले तर थेट मोठ्या सर्जनच्या दारात उभे राहतो. तिकडे तसे चालत नाही. ताप भरल्यावर नोंदणीचा अर्ज शोधत बसण्यापेक्षा पोहोचल्याच्या पहिल्या आठवड्यात हे काम उरकावे. दात आणि चष्मा यांचा खर्च बहुधा वेगळा पडतो. म्हणून निघण्यापूर्वी दात येथेच दाखवून घ्या. आपल्या पापडी नाक्यावरच्या दंतवैद्याची फी तिकडच्या मानाने काहीच नाही.

ऑस्ट्रेलियात व्हिसाच्या संपूर्ण मुदतीचा विद्यार्थी विमा सक्तीचा आहे. पण आधीपासून असलेल्या आजाराला सर्वसाधारणपणे पहिले बारा महिने इस्पितळाचा खर्च मिळत नाही. दमा किंवा मधुमेह असलेल्या मुलाच्या पालकांनी हे वाक्य ध्यानात ठेवावे. आणि असा आजार लपवू नये. लपविलेला आजार पुढे सापडला की कंपनीला पैसे नाकारण्यास निमित्त मिळते.

सर्वांत अवघड प्रकरण अमेरिकेचे. एफ-१ व्हिसावरील विद्यार्थ्याला केंद्र सरकारचा कायदा विमा घ्यायला लावत नाही. सक्ती करते ते विद्यापीठ, आणि प्रत्येकाचे नियम वेगळे. तेथे विमा असूनही वर्षाच्या सुरुवातीची काही रक्कम आपल्यालाच सोसावी लागते, तिला डिडक्टिबल म्हणतात. त्यानंतरही प्रत्येक भेटीला थोडे द्यावे लागते, ते को-पे. कंपनीच्या यादीबाहेरचे इस्पितळ निवडले तर खर्च वाढतो. साध्या तापासाठी विद्यापीठाचे आरोग्य केंद्र, त्याहून अधिक असेल तर अर्जंट केअरचा दवाखाना, आणि जिवावर बेतले तर इस्पितळाचा तातडीचा विभाग, ही उतरंड पाठ असावी. १९८६ च्या कायद्यानुसार तातडीच्या विभागाने ऐपत न पाहता रुग्णाला तपासून स्थिर केलेच पाहिजे. म्हणजे पैशाअभावी मुलाला दारातून परत पाठवणार नाहीत. बिल मात्र येईल. आले तरी घाबरून गप्प बसू नये. ना-नफा इस्पितळांना गरजूंसाठी सवलतीचे धोरण ठेवावे लागते. अर्ज केला तर रक्कम कमी होऊ शकते, हप्ते मिळतात. माझ्या विद्यार्थ्याला हे दीड महिन्याने विद्यापीठाच्या कार्यालयातील एका बाईंनी सांगितले. पहिल्याच दिवशी विचारले असते तर तेवढे दिवस घरात चूल नीट पेटली असती.

कित्येक पालक मला हळूच विचारतात, "मास्तर, विमा आपल्यात चालतो का?" मी बी. ए., बी. एड. आहे, मुफ्ती नाही. आलिमांना जरूर विचारा. पण विचारताना हेही सांगा की ब्रिटनचा अधिभार हे सरकारी शुल्क आहे आणि जर्मनीत विम्यावाचून प्रवेश नाही. प्रश्न पुरा मांडला तर उत्तरही पुरे मिळते.

आता सामानाविषयी थोडेसे. लोणची, पापड आणि मसाला यांसाठी आपण बॅग तीनदा वजन करून पाहतो. लसीकरणाचे कार्ड मात्र कोणालाच सापडत नाही. अमेरिकेतील बहुतेक विद्यापीठे गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लशीचे दोन डोस झाल्याचा दाखला मागतात. ते कार्ड रेशनकार्डाच्या डब्यात शोधा. ब्रिटनला दीर्घ मुदतीसाठी जाणाऱ्या भारतीयाला व्हिसापूर्वी क्षयाची तपासणी करावी लागते. ती कटकट वाटली तर आनंदीबाईंची आठवण करा. नेहमीच्या गोळ्या मूळ वेष्टनात आणि डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह न्या. चिठ्ठीवर कंपनीच्या नावाऐवजी औषधाचे मूळ नाव लिहून घ्या. दुबई-अबुधाबीवरून जाणाऱ्यांनी विशेष काळजी घ्यावी. ट्रामाडोल, कोडीन यांसारखी औषधे तेथे कडक निर्बंधाखाली आहेत.

एक गोष्ट कोणत्याच पॉलिसीत नसते. मुलगा फोनवर "सगळे ठीक आहे" म्हणतो आणि आपण समाधानाने फोन ठेवतो. त्याला माहीत असते की अम्मीच्या बांगड्या विकल्या आहेत. म्हणून तो पोटदुखी लपवतो, रात्री झोप येत नाही हे लपवतो, ईदच्या दिवशी खोलीत एकटाच बसला होता हेही लपवतो. जवळजवळ प्रत्येक मोठ्या विद्यापीठात समुपदेशक असतो, आणि त्याच्याकडे जाणे म्हणजे वेड लागणे नव्हे. मुलींबाबत पालक विचारतात की स्त्री-डॉक्टर मिळेल का. तातडीची वेळ सोडली तर तशी विनंती करता येते, तपासणीच्या वेळी सोबत स्त्री-कर्मचारी मागता येते. मुलीला हे मागायला लाजू नकोस, असे घरूनच सांगून पाठवा. आणि अगदीच संकट ओढवले तर त्या देशातील भारतीय वकिलातीशी संपर्क साधावा. २००९ साली सुरू झालेल्या भारतीय समुदाय कल्याण निधीतून गरजूंना तातडीच्या उपचारासाठी मदत करण्याची तरतूद आहे.

त्या मुलाने गेल्या वर्षी पदवी घेतली. नोकरी लागल्यावर त्याने पहिली गोष्ट केली ती अशी की नव्या विम्याचे पत्रक मला पाठवून दिले आणि लिहिले, "सर, या वेळी शेवटच्या पानापासून वाचा." मी वाचले. दोन संध्याकाळी लागल्या.

तेव्हापासून दर रविवारी सकाळी १० ते १२ मी शाळेच्या वाचनालयात बसतो. ज्यांची मुले जाणार आहेत त्यांनी पैसे भरण्यापूर्वी पॉलिसीचा कागद घेऊन यावे, आपण मिळून वाचू. चष्मा मात्र बरोबर आणा.